स्लाइडमध्ये फाइल असते की नुसता तिचा पत्ता?

स्लाइडवरच्या शब्दाला लिंक दिली की ती फाइल पीपीटीत आली, असं पुष्कळांना वाटतं. प्रत्यक्षात लिंक म्हणजे फाइलचा नुसता पत्ता. तुमच्या संगणकावर ती फाइल त्या जागी असते, म्हणून घरी सगळं सुरळीत चालतं. सभागृहातल्या लॅपटॉपवर नुसती पीपीटी नेली की पत्ता उरतो, फाइल नसते. म्हणून आधी एक फोल्डर करावा, पीपीटी आणि जोडायच्या फाइली त्यात ठेवाव्यात, मगच लिंका द्याव्यात आणि पेनड्राइव्हवर अख्खा फोल्डर घ्यावा.

फाइल खरोखर आत घालायची, म्हणजे एम्बेड करायची, तर पॉवरपॉइंटमध्ये ‘इन्सर्ट’मधल्या ‘ऑब्जेक्ट’वर जाऊन ‘क्रिएट फ्रॉम फाइल’ निवडतात. तिथे ‘लिंक’ची चौकट रिकामी ठेवायची. आत जाते ती मूळ फाइलची प्रत. नंतर मूळ एक्सेलमध्ये आकडे बदलले तरी स्लाइडवर जुनेच राहतात.

पण खरा धोका वेगळाच आहे. स्लाइडवर एक छोटा तक्ता दिसतो, म्हणून तेवढाच आत गेला असं समजतात. एक्सेल फाइल एम्बेड केली की तिच्यातल्या सगळ्या शीट आत जातात. ‘विभागवार खर्च’ दाखवायला घातलेल्या फाइलच्या दुसऱ्या शीटवर कर्मचाऱ्यांचे पगार असतील, तर ज्याच्या हाती पीपीटी पडली तो तक्त्यावर डबल क्लिक करून तेही वाचू शकतो. खात्री करायची तर पीपीटीची एक प्रत घ्या आणि नावाच्या शेवटचं ‘पीपीटीएक्स’ बदलून ‘झिप’ करा. उघडल्यावर ‘पीपीटी’ नावाच्या फोल्डरात ‘एम्बेडिंग्ज’ सापडेल. तुमची वर्कबुक तिथे सबंध बसलेली असते. नुसता तक्ता दाखवायचा असेल तर तो चित्र म्हणून पेस्ट करणं केव्हाही बरं.

एक्सेलमधला आलेख साधा कॉपी-पेस्ट केला तर मात्र उलटं घडतं. तो सहसा मूळ फाइलशी लिंक होऊन येतो. आलेख दिसतो, पण दुसऱ्या संगणकावर त्याचे आकडे दुरुस्त करता येत नाहीत.

व्हिडिओबद्दलची भीती जुनी आहे. पॉवरपॉइंट 2007 पर्यंत व्हिडिओ बाहेरच राहायचा. 2010 पासून संगणकावरचा व्हिडिओ आपोआप आत जातो. यूट्यूबवरचा मात्र आत येत नाही, त्याला इंटरनेट लागतंच.

‘आत घातलेली शीट भाषणात क्लिक केली की उघडेल’ हाही भ्रमच. क्लिक केल्यावर बहुधा पुढचीच स्लाइड येते आणि वक्ता गडबडतो. त्यासाठी ती वस्तू निवडून ‘इन्सर्ट’मधल्या ‘ॲक्शन’ खाली ‘ऑब्जेक्ट ॲक्शन’ला ‘ओपन’ लावून ठेवावं लागतं.

स्लाइडवरून स्लाइडवर नेणाऱ्या लिंका क्रम बदलल्याने तुटत नाहीत. त्या क्रमांकाला नव्हे, त्या स्लाइडला बांधलेल्या असतात. ती स्लाइडच उडवली तर गोष्ट वेगळी.

भाषणानंतर ‘पीपीटी पाठवा ना’ अशी मागणी येतेच. पीडीएफ केली तर लिंका जातात, असं सांगत लोक मूळ फाइल व्हॉट्सॲपवर टाकून मोकळे होतात. पॉवरपॉइंटमधूनच ‘सेव्ह ॲज’ने पीडीएफ केली तर वेबसाइटच्या लिंका सहसा शाबूत राहतात. आणि एम्बेड केलेल्या शीटचं फक्त चित्र जातं, पगाराची शीट तुमच्याकडेच राहते.