डोंगरवारा आणि ड्रोनची मोजणी

बारामती तालुक्यातील सोमेश्वरनगरचा परिसर म्हणजे नीरा डाव्या कालव्याच्या पाण्यावर फुललेला उसाचा सपाट मुलूख. तेथून वायव्येस पुरंदर तालुक्यात गेले की डोंगररांगा सुरू होतात. तेथेच मल्हारगडाच्या पायथ्याशी सोनोरी हे गाव आहे. केंद्र शासनाची स्वामित्व योजना २४ एप्रिल २०२० रोजी जाहीर झाली. त्यापूर्वीच सोनोरीच्या गावठाणाची ड्रोनद्वारे प्रायोगिक मोजणी झाली होती. घरांच्या हद्दींवर चुन्याच्या रेषा आखावयाच्या, वरून छायाचित्रे घ्यावयाची आणि त्यांवरून नकाशा व मिळकत पत्रिका तयार करावयाची, अशी ही पद्धती आहे. ड्रोन वाऱ्याने हेलकावला तर छायाचित्रे अस्पष्ट होतात, त्यांत खंड पडतो आणि मोजणी पुन्हा करावी लागते. म्हणून डोंगरी गावांत वाऱ्याची जाण असणे अगत्याचे आहे.

उंचीवर हवा विरळ होते आणि ड्रोनला तोलून धरण्यासाठी पंख्यांना अधिक वेगाने फिरावे लागते, हे खरे. तथापि १,६४६ मीटर उंचीच्या कळसूबाई शिखरावरही हवेची घनता समुद्रसपाटीच्या मानाने सुमारे १५ टक्क्यांनीच कमी असते. हिमालयात ५,००० मीटरवर ही घट सुमारे ४० टक्के होते. म्हणजे सह्याद्रीत खरी कसोटी उंचीची नसून वाऱ्याची असते. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की त्याचा दाब चौपट होतो.

डोंगरावर वारा सरळ वाहत नाही. वाऱ्याकडील उतारावर तो वर चढतो, माथ्यावर व खिंडीत त्याचा वेग वाढतो आणि पलीकडच्या उतारावर तो भोवरे करीत खाली कोसळतो. पायथ्याशी झाडाचे पानही हलत नसताना माथ्यावर सोसाट्याचा वारा असू शकतो.

परतीचा हिशेबही येथेच चुकतो. स्थिर हवेत सेकंदाला १२ मीटर वेगाने जाणारा ड्रोन ८ मीटर वेगाच्या वाऱ्याबरोबर निघाला, तर एक किलोमीटर अंतर ५० सेकंदांत कापतो. परतताना मात्र त्याच अंतरास २५० सेकंद लागतात आणि बॅटरी वाटेतच संपण्याचा धोका असतो. म्हणून प्रथम वाऱ्याच्या विरुद्ध दिशेने जावे व परतताना वाऱ्याचे साहाय्य घ्यावे.

दुसरी खबरदारी उंचीविषयीची. अनेक ड्रोन आपली उंची उड्डाणस्थानापासून मोजतात, पायाखालच्या जमिनीपासून नव्हे. चढाच्या दिशेने जाताना पडद्यावरील आकडा तोच राहतो आणि डोंगर मात्र जवळ येत जातो. परतीची उंची वाटेतील सर्वांत उंच कड्याहून अधिक ठेवणे म्हणूनच आवश्यक ठरते. ड्रोन नियम, २०२१ अन्वये हरित क्षेत्रात सामान्यतः १२० मीटरपर्यंत उड्डाणास मुभा आहे. तरीही उड्डाणापूर्वी डिजिटल स्काय नकाशावर क्षेत्राची खात्री करावी.

ऊन तापल्यावर डोंगरउतारांवर हवेचे झोत उठतात. त्यामुळे सकाळची शांत वेळ मोजणीस उत्तम. वारा वाढल्यास काम दुसऱ्या दिवसावर ढकलणे हिताचे. एक दिवस गेला तर तो भरून निघतो. परंतु सदोष नकाशावरून चुकलेली घराची हद्द दोन शेजाऱ्यांत कायमची तेढ निर्माण करू शकते. मोजणीची तारीख ठरविताना ग्रामपंचायतीने वाऱ्यासाठी एक राखीव दिवस अवश्य ठेवावा.