बारा माणसांचं दुकान आणि वीसची रेघ

मागच्या वेळी व्याख्यान संपल्यावर एक गृहस्थ थांबले. कापडाचं दुकान, कामाला बारा माणसं. ते म्हणाले, “सर, तो गुमास्ता कायदा आता वीसच्या वरच्यांनाच लागतो म्हणे. म्हणजे आम्ही सुटलो ना?” आम्ही त्यांना तेव्हा “बघून सांगतो” एवढंच म्हटलं. त्यांच्या प्रश्नाला सविस्तर उत्तर म्हणून आजचं हे व्याख्यान. आम्ही वकील नव्हे, जन्मभर तत्त्वज्ञान शिकवलं. पण कायदा वाचणं म्हणजे शेवटी शब्द नीट वाचणं, आणि ती सवय आमच्या हाडीमाशी आहे.

ज्याला आपण सवयीने गुमास्ता म्हणतो तो जुना कायदा १९४८ चा. त्याच्या जागी महाराष्ट्राने २०१७ साली नवा दुकाने व आस्थापना कायदा आणला. त्यात रेघ दहावर होती. दहा किंवा जास्त कामगार असतील तर नोंदणी, कामाचे तास, रजा, सुट्ट्या सगळं लागू. दहापेक्षा कमी असतील तर नुसती सूचना द्यायची. ऑक्टोबर २०२५ मध्ये अध्यादेश काढून राज्याने ही रेघ दहावरून वीसवर नेली. रोजच्या कामाची मर्यादा नऊ तासांची दहा झाली. सलग पाच तासांनी द्यायची विश्रांती आता सहा तासांनी दिली तरी चालते. विश्रांतीसकट दिवसाचा पसारा साडेदहा तासांचा बारा तास झाला, आणि तीन महिन्यांतला ओव्हरटाइम १२५ तासांवरून १४४ वर गेला.

इथे बहुतेक मालक एक चूक करतात, म्हणून जरा थांबू. दहा तास झाले म्हणजे सहा दिवस दहा-दहा तास काम करून घ्यायला मुभा मिळाली, असं नाही. आठवड्याची ४८ तासांची मर्यादा जागच्या जागी आहे. हिशेब मांडून बघा. सहा दिवस दहा तास म्हणजे साठ. त्यातले बारा तास ओव्हरटाइम, आणि त्याचा पगार दुप्पट दराने. तिमाहीत तेरा आठवडे. बारा गुणिले तेरा, १५६. मर्यादा १४४ ची. म्हणजे जो मालक रोज दहा तास, आठवड्याचे सहा दिवस हाच पायंडा पाडेल, तो दुप्पट पगार देऊनसुद्धा बाराव्या आठवड्याच्या शेवटी मर्यादेला टेकेल आणि तेराव्यात कायदा मोडेल. दहा तासांची सवलत खरी उपयोगी पडते ती चार दिवस दहा तास, एक दिवस आठ तास, अशी पाळी लावणाऱ्याला. किंवा दिवाळीच्या गर्दीत.

आता बारा माणसांकडे येऊ. राज्याच्या कायद्यातून ते दुकान बाहेर पडलं, हे खरं. पण बाहेर पडून ते कुठे गेलं? २१ नोव्हेंबर २०२५ रोजी केंद्राच्या चार श्रमसंहिता लागू झाल्या. त्यातल्या सुरक्षा, आरोग्य व कामाच्या परिस्थितीच्या संहितेची सर्वसाधारण रेघ दहाचीच आहे. नेमणूकपत्र द्यायचं, आठवड्यात सहा दिवसांपेक्षा जास्त काम घ्यायचं नाही, कामगाराच्या संमतीशिवाय ओव्हरटाइम करून घ्यायचा नाही, १८० दिवस भरले की वीस दिवसांमागे एक दिवस भरपगारी रजा. ईएसआयची रेघ दहा, ग्रॅच्युइटीची दहा, प्रसूतीच्या लाभांची दहा, लैंगिक छळाच्या तक्रारींसाठी अंतर्गत समितीची दहा. पीएफची तेवढी वीस. आणि किमान वेतनाला रेघच नाही. एक माणूस असला तरी लागतं.

तेव्हा आमचं उत्तर असं, की आपण एका दारातून बाहेर पडलात, पण अंगणातच आहात. नोंदणीची कटकट कमी झाली, माणसांचं देणं कमी झालं नाही. “आता आपल्याला कायदाच नाही” असं समजून ज्याने मस्टर लिहिणं बंद केलं, तो पहिल्याच वादात अडकेल, कारण हजेरी किती, तास किती, हे दाखवायला त्याच्याजवळ कागदच उरणार नाही.

वेतन संहितेतल्या दोन गोष्टी तर त्यांना परवापासूनच भेडसावतील. माणूस नोकरी सोडून गेला, काढला, काहीही झालं, तरी त्याचा पगाराचा हिशेब दोन कामाच्या दिवसांत चुकता करायचा. “पुढच्या महिन्याच्या सातला या” हे चालणार नाही. दुसरं, पगारातले भत्ते एकूण रकमेच्या निम्म्याहून जास्त झाले तर वरचा भाग वेतनातच धरायचा. बेसिक मुद्दाम लहान ठेवून पीएफ आणि ग्रॅच्युइटी वाचवायची जुनी युक्ती त्यामुळे फारशी उरत नाही. ठरावीक मुदतीवर ठेवलेल्या माणसालाही एक वर्षानंतर ग्रॅच्युइटी द्यायची आहे, पाच वर्षं थांबायचं नाही.

विद्यार्थ्यांना आम्ही ढिगाचं कोडं शिकवत असू. ग्रीकांकडे ते युबुलिडीझच्या नावावर सांगतात. वाळूच्या ढिगातून एकेक कण काढत गेलो तर नेमक्या कोणत्या कणाला तो ढीग राहत नाही? कायदा मात्र असा विचार करत बसू शकत नाही. त्याला कुठेतरी रेघ मारावीच लागते. ती वीसवर मारली म्हणून आमची तक्रार नाही, लहान दुकानदाराचा कागदोपत्री छळ आम्ही पाहिलाय. तक्रार आहे ती रेघेला नीती समजणाऱ्यांबद्दल. बाविसातले तीन कामगार कागदावर भावाच्या नावच्या दुसऱ्या दुकानात दाखवायचे आणि एकोणीस उरवायचे, हा खेळ दहाच्या रेघेवरही चालत होताच.

संमतीचंही असंच आहे. २०१७ च्या कायद्याप्रमाणे रात्री साडेनऊ ते सकाळी सात बाईंना कामावर ठेवायचं तर त्यांची संमती हवी, सुरक्षितता हवी आणि दारापर्यंत पोचवण्याची सोय हवी. संमतीचा छापील कागद नेमणुकीच्या दिवशीच, बाकीच्या सह्यांबरोबर घेतला, तर ती संमती कसली? नोकरी हवी म्हणून माणूस दहा कागदांवर सही करतो. आम्ही मालकांना सुचवू की हा कागद वेगळा ठेवा, नोकरी पक्की झाल्यावर विचारा, आणि एखादी नाही म्हणाली तर तिला दिवसपाळीत ठेवून दाखवा. पुढच्या वेळी दुसरी कुणी “हो” म्हणेल, तेव्हा त्या होकारावर तुम्हालाही विश्वास ठेवता येईल.

त्या कापडवाल्या गृहस्थांना आम्ही फोनवर हे सगळं थोडक्यात सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं, आणि मग विचारलं, “मग सर, आठ सणांच्या सुट्ट्या? त्या तर राज्याच्या कायद्यातल्या होत्या.” होत्या. आता राज्याच्या कायद्याने त्या बारा जणांना त्या मिळत नाहीत. पण आजवर दिलेल्या आहेत, नेमणूकपत्रात लिहिलेल्या आहेत, आणि एका माणसाने तर त्या धरून पुढच्या मेमधलं बहिणीचं लग्न ठरवलंय. आम्ही त्यांना म्हटलं, नेमणूकपत्र काढून पुन्हा एकदा वाचा. ते म्हणाले, “वाचतो,” आणि दुसऱ्या दिवशी सुट्ट्यांची यादी नेहमीप्रमाणे गल्ल्यामागच्या भिंतीवर लावली, असं त्यांनीच कळवलं.