गाडीला माणूसही ओझेच



हिवाळा जवळ आला की मंडळ्यांमधून पाड्यांसाठी धान्य, कपडे आणि घोंगड्या येऊ लागतात. सामान पिकअपमध्ये चढते आणि त्याच्यासोबत पाच-सात उत्साही सेवकही हौद्यात चढतात. "गाडी दीड टनाची आहे, आम्हा चार माणसांनी काय होणार?" असे प्रेमाने विचारले जाते. त्या प्रश्नाचे उत्तर नीट समजून घेऊ.

गाडीच्या नोंदणीपत्रावर दोन वजने असतात. पहिले रिकाम्या गाडीचे वजन. मोटार वाहन कायदा, १९८८ प्रमाणे यात गाडीची नेहमीची साधने धरलेली असतात, पण चालक आणि मदतनीस धरलेले नसतात. दुसरे म्हणजे भरलेल्या गाडीचे एकूण मंजूर वजन. दुसऱ्यातून पहिले वजा केले की उरते ती गाडीची खरी क्षमता. चालक, शेजारी बसलेले, त्यांच्या पिशव्या, ताडपत्री, पाण्याचे कॅन आणि सामान हे सगळे त्यातच बसवायचे असते.

समजा ही वजाबाकी १,५०० किलो आली. ५० किलोची ३० पोती बसतील असे वाटते. पण केबिनमध्ये चालक धरून तीन माणसे आहेत. प्रत्येकी ६५ किलो धरले तर १९५ किलो तिथेच गेले. उरले १,३०५ किलो, म्हणजे २६ पोती. ताडपत्री, दोर आणि पाणी धरले की २५. या २५ पोत्यांवर दहा जण बसले, तर आणखी ६५० किलो, म्हणजे १३ पोत्यांचे ओझे वाढले.

शिवाय पोती बांधली की जागची हलत नाहीत, माणसे हलतात. थप्पीवर बसलेल्या माणसांमुळे भार उंचावर जातो आणि वळणावर सगळे एकाच बाजूला कलंडतात. ओझे मागच्या चाकांच्याही मागे गेले, तर पुढची चाके हलकी होतात आणि स्टिअरिंगला पकड राहत नाही. लांब उतारावर ब्रेक तापून निकामी होऊ लागतात. सातपुड्यातल्या चांदसैली घाटासारख्या रस्त्यावर या तिन्ही गोष्टी एकदम घडल्या, तर चालक कितीही कसलेला असला तरी त्याच्या हाती फारसे काही उरत नाही.

कायद्याचीही बाजू आहे. मंजूर वजनापेक्षा जास्त भार नेल्यास २०,००० रुपये आणि जादा प्रत्येक टनामागे २,००० रुपये दंड कायद्यात सांगितला आहे. त्याहून गंभीर बाब विम्याची. मालासोबत जाणारा मालाचा मालक किंवा त्याचा प्रतिनिधी १९९४ च्या दुरुस्तीनंतर विम्याच्या कक्षेत आला. पण मालवाहू गाडीतून फुकट नेलेल्या प्रवाशांची भरपाई विमा कंपनीवर येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २००२ साली स्पष्ट केले. म्हणजे अपघात झालाच, तर हौद्यात बसलेल्या मजुराच्या घरच्यांना विम्याचा आधार मिळणे कठीण.

परतीच्या वाटेवर बाजाराला आलेल्या मावश्या, कामाला निघालेले मजूर हात करतात. "रिकामीच तर चालली आहे," म्हणतात. एस.टी. दिवसातून एकदाच येत असेल, तर त्यांना नाही म्हणताना जीव तुटतो. पण हौदा रिकामा असला तरी त्यात ना आसन असते, ना पट्टा. वजन भरत नाही म्हणून ती जागा माणसांची होत नाही. आजारी माणूस असेल तर १०८ ला फोन करावा. केबिनमध्ये मंजूर आसन रिकामे असेल तर तिथे बसवावे.

म्हणून विनंती अशी :

• सामान पाठवताना पोत्यांची संख्या आणि अंदाजे वजन आधी कळवा.
• नोंदणीपत्रावर जितकी आसने, तितकीच माणसे गाडीत बसवा.
• बाकीच्यांनी एस.टी.ने किंवा प्रवासी जीपने यावे. तो खर्च दानाचाच भाग समजावा.
• वजन जास्त भरले तर दोन फेऱ्या करा.

दुसऱ्या फेरीचे डिझेल लागेल, पाड्यावर सामान एक दिवस उशिरा पोहोचेल. तेवढे सोसू या. घोंगड्यांबरोबर त्या घेऊन जाणारी माणसेही सुखरूप पोहोचली पाहिजेत.