पांचगणीची भूविभागणी : वाटणीपत्र आणि नकाशा

जुन्या वाटणीपत्रांत भावाभावांच्या तक्षिमा चतुःसीमांनीं ठरत. ओढा, बांध, झाड ह्याच त्या सीमा होत. पांचगणीस आज तेवढ्यानें भागत नाहीं. 1966 च्या महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियमानें ‘विकास’ ह्या संज्ञेंतच भूमीची पोटविभागणी अंतर्भूत केली आहे. संस्कृतांत विकास म्हणजे उमलणें. येथें जमिनीचे भाग पाडणें हाही विकासच! परिणामीं विभागणीपूर्वीं नियोजन प्राधिकरणाची अनुज्ञा लागते. नगराच्या हद्दींत तें प्राधिकरण म्हणजे नगरपरिषद होय. शिवाय 17 जानेवारी 2001 च्या केंद्रीय अधिसूचनेनें महाबळेश्वर-पांचगणी परिसर पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील ठरला. तथापि नवा नकाशा मंजूर झाला म्हणून जुनें वाटणीपत्र कोणीं टाकूं नये. नकाशांत मोजमाप असतें. बुजलेल्या ओढ्याचें नांव त्या कागदांतच उरतें.