गोळी आहे, मग केमो कशाला?

‘वडिलांच्या फुप्फुसाच्या कॅन्सरची चौथी स्टेज आहे. ईजीएफआर रिपोर्ट पॉझिटिव्ह आला, रोज एका गोळीवर भागेल म्हणून जरा हायसं वाटलं. आता डॉक्टर केमोही घ्या म्हणतात. का?’ असं एका वाचकानं विचारलंय.

प्रश्न रास्त आहे. हाच प्रयोग वीस वर्षांपूर्वी सपशेल फसला होता! जेफिटिनिबची गोळी केमोसोबत देण्याचा उपाय दोन हजारांवर रुग्णांत तपासून पाहिला. आयुष्य काही वाढलं नाही. ते निकाल 2004 मध्ये छापून आले आणि त्याच वर्षी उलगडलं, की ईजीएफआर जनुकात ठरावीक बिघाड असेल तरच ही गोळी खरा गुण देते. त्या चाचण्यांत मात्र हा बिघाड न बघताच रुग्ण सरसकट घेतले होते.

योग्य रुग्णालाही ती कायमची पुरत नाही. एकच तणनाशक मारत राहिलं की बहुतेक तण जळतं. त्याला दाद न देणाऱ्या चार काड्या उरतात आणि पुढे रान त्याच व्यापतात. केमो म्हणजे कोळपं. तण कुठल्या जातीचं, हे ते बघत नाही. त्यात पिकाचीही थोडी रोपं कापली जातात, म्हणूनच तोंड येतं, रक्तातल्या पेशी उतरतात.

मग तो बिघाड असलेल्या निवडक रुग्णांना दोन्ही एकत्र दिलं तर? हे परळच्या टाटा मेमोरियलमध्ये डॉ. वनिता नोरोन्हा आणि सहकाऱ्यांनी 350 रुग्णांवर तपासलं. नुसत्या जेफिटिनिबवर आजार साधारण 8 महिने आटोक्यात राहिला, सोबत पेमेट्रेक्सेड-कार्बोप्लॅटिन ही केमो दिल्यावर 16 महिने. एकूण आयुष्यही वाढलं. निकाल 2020 मध्ये प्रसिद्ध झाला. जपानमधल्या अशाच चाचणीतही आजार जास्त काळ रोखला गेला.

पण गाजावाजा झाला तो 2023 मध्ये, ओसिमर्टिनिब या महागड्या ईजीएफआर-गोळीला केमोची जोड दिली तेव्हा. तिथे 16.7 महिन्यांचे 25.5 झाले, उत्तमच. तरी जुन्या, तुलनेनं स्वस्त औषधांवर परळमध्ये हेच आधी दिसलं होतं, हे फारसं कुणी सांगत नाही. जुन्या औषधांची जाहिरात कोण करणार?

‘रामबाण’ मात्र म्हणू नका. परळच्या चाचणीत गंभीर त्रास 25 ऐवजी 51 टक्के रुग्णांना झाला. वडील हिंडते-फिरते असतील, मूत्रपिंडं ठीक असतील तर जोड-उपचाराचा जरूर विचार करा. फार अशक्त असतील तर एकटी गोळी घेण्यात कमीपणा नाही. डॉक्टरांना दोन्ही पर्यायांबद्दल स्पष्ट विचारा, आणि जनुकीय रिपोर्टची प्रत स्वतःजवळ ठेवा.