बगली की संदूकी? ‘शक्क’ म्हणजे नेमके काय

गेल्या पावसाळ्यात कुंडलला आमच्या चाचांचा इंतकाल झाला. जोहरच्या नमाजनंतर दफनविधी ठरला होता. सकाळपासून कबर खोदणे सुरू होते. एवढ्यात पुण्याहून आलेल्या एका नातलगांनी खड्ड्यात डोकावून विचारले, “बगल कुठे आहे? ही तर संदूकी कबर. सुन्नत लहद आहे, मग ही का?”

खोदणाऱ्या मामूंनी खोरे बाजूला ठेवले. “काळी माती हाय ही, पावसानं फुगलीया. बगल काढली तर मय्यत ठेवायच्या आत ढासळंल.”

पण नातलगांचे समाधान होईना. आवाज चढले. चाचींच्या कानापर्यंत ही गोष्ट गेली आणि त्या रडत विचारू लागल्या, “त्यांच्या दफनात काही कमी तर राहत नाही ना?” शेवटी मौलानांनी येऊन सांगितले, की मामू बरोबर आहेत. दफन वेळेवर झाले, पण चाचींचा तो प्रश्न आमच्या मनात राहिला. ज्या शब्दावरून वाद झाला, तो आम्हा भावंडांना नीट माहीत नव्हता. म्हणून हा लेख.

दोन पद्धती, दोन शब्द

कबरीचे दोन प्रकार आहेत. पहिला लहद. सरळ खड्डा खोदून झाला, की किब्ल्याच्या बाजूच्या, म्हणजे आपल्याकडे पश्चिमेच्या भिंतीत तळाशी पोकळी कोरतात. मय्यत त्या पोकळीत ठेवून तोंड कच्च्या विटांनी बंद करतात. ही बगलेत असते म्हणून बोलीत ‘बगली’.

दुसरा प्रकार शक्क. यात भिंतीला हात लावत नाहीत. खड्ड्याच्या तळाला, मधोमध, डोक्याकडून पायाकडे एक अरुंद उभा चर खोदतात. चराच्या दोन्ही बाजूंना मातीचे काठ राहतात. मय्यत चरात ठेवली, की काठांवर फरशी, बांबू किंवा फळ्या आडव्या टाकतात. त्या अंगाला टेकत नाहीत, मधे जागा राहते. पेटीसारखा आकार, म्हणून ‘संदूकी’.

शब्दाचा अर्थ

अरबीत ‘शक्क’ म्हणजे चीर, भेग, उभी फाट. सुतार फळी लांबीत चिरतो तशी जमिनीला दिलेली ही लांबीतली चीर. मराठीतला ‘चर’ हा शब्द त्याला अगदी जवळचा. ‘लहद’च्या मुळाशी मात्र मधल्या वाटेवरून एका बाजूला कलणे हा अर्थ आहे. सत्यापासून ढळलेल्याला ‘मुलहिद’ म्हणतात, तो शब्द याच मुळाचा.

शक्कचे भाऊबंदही आपल्या ओळखीचे आहेत. चंद्र दुभंगल्याच्या मोजिज्याला आपण ‘शक्कुल कमर’ म्हणतो. कुरआनच्या ८४ व्या सूरेचे नाव ‘इन्शिकाक’, म्हणजे फाटणे, याच धातूचे. ८० व्या सूरेत, ‘अबस’मध्ये, अल्लाह जमीन चिरतो आणि तिच्यातून धान्य, द्राक्षे, जैतून उगवतो असे वर्णन येते. तिथेही हाच शब्द आहे. आणखी एक नातेवाईक तर आपल्या शिवारातच आहे. अरबी ‘मशक्कत’ म्हणजे कष्ट. त्यावरूनच मराठीत ‘मशागत’ आला. कुंडलचा ऊसवाला रोज हा शब्द बोलतो, पण त्याचे गोत्र त्याला ठाऊक नसते.

लिहिताना एक काळजी घ्यावी. ‘शक’ असे लिहिले तर वाचणारा ‘शंका’ समजतो. संशयाचा शक वेगळ्या धातूचा आहे. त्याचा ‘क’ वेगळा, कबरीच्या शक्कचा कंठातून येणारा ‘क’ वेगळा. देवनागरीत हा फरक दिसत नाही, म्हणून ‘शक्क’ असे जोडाक्षरच लिहावे.

शक्क कमी दर्जाची आहे का?

लहद आपल्यासाठी आणि शक्क इतरांसाठी, अशा आशयाची हदीस आहे. नातलगांनी तीच सांगितली होती. पण उलेमांनी तिचा अर्थ पसंती असा घेतला आहे, मनाई असा नाही. याचा पुरावा खुद्द हुजूर (स.) यांच्या दफनाच्या हकिकतीत मिळतो. हिजरी ११, म्हणजे इ.स. ६३२. मदिन्यात कबर खोदणारे दोघे होते. हजरत अबू तलहा (रजि.) लहद करीत, तर हजरत अबू उबैदा (रजि.) मक्केच्या रीतीने शक्क करीत. सहाबांनी दोघांकडेही निरोप पाठवला. जो आधी येईल त्याची पद्धत. अबू तलहा आधी आले आणि लहद झाली. शक्क नाजायज असती, तर दुसरा निरोप गेलाच नसता.

हनफी आणि शाफई दोन्ही मसलकांत हेच आहे. माती घट्ट असेल तर लहद उत्तम, भुसभुशीत असेल तर शक्क. निर्णय मातीचा.

आपली माती

कृष्णाकाठची काळी माती उन्हाळ्यात भेगाळते, पावसात फुगते आणि मऊ होते. तिच्यात आडवी पोकळी काढली, की वरचा भार पेलत नाही. शिवाय बगल कोरणारा माणूस खड्ड्यात वाकलेला असतो. भिंत बसली तर जिवावर बेतते. एका मुस्तहब गोष्टीसाठी जिवंत माणसाचा जीव धोक्यात घालायला दीन सांगत नाही. डोंगराकडच्या घट्ट मुरमात मात्र बगल चांगली टिकते. म्हणून एकाच तालुक्यात दोन कबरस्तानांत दोन रिवाज दिसले, तर कुणी कुणाला चुकीचे ठरवू नये.

तेव्हा घरात मय्यत झाली, की आधी खोदणाऱ्याला विचारावे, “माती कशी आहे?” संदूकी करायची तर फरशा चराच्या रुंदीपेक्षा लांब आहेत ना, हे जनाजा निघण्यापूर्वी मोजून घ्यावे. उपसलेली माती काठापासून दूर टाकावी आणि काठावर गर्दी करू नये. मसला विचारायचा असेल तर मौलानांना घरीच विचारावा, कबरीच्या काठावर वाद नको.

या लेखाआधी आम्ही हे सारे चाचींना समजावून सांगितले. त्या बराच वेळ ऐकत राहिल्या. मग एवढेच म्हणाल्या, “म्हणजे त्यांचं सगळं नीट झालं.” होय चाची, अल्हम्दुलिल्लाह, सगळे नीट झाले.