गाणे की अभ्यास?

गेल्या ज्येष्ठात आमच्या घरी एका तंबोऱ्यावरून बराच वाद झाला. माझ्या वडील बंधूंची नात यंदा दहावीत गेली. चार वर्षे ती गाणे शिकते. गळा असामान्य नाही, पण सुराला पक्का आहे. शाळा सुरू होण्याच्या आदल्या दिवशी तिच्या वडिलांनी, म्हणजे माझ्या पुतण्याने, तंबोऱ्याला गवसणी घालून तो माळ्यावर ठेवण्याचा हुकूम सोडला. मी हरकत घेतली तेव्हा तो म्हणाला, "काका, एका वर्षाचाच तर प्रश्न आहे. तंबोरा कोठे पळून जातो?"

हे वाक्य मी पूर्वी ऐकले होते. किंबहुना ते मीच उच्चारले होते. वीस-बावीस वर्षांपूर्वी माझ्या वर्गात एक मुलगा होता. वर्गात चित्त नसे, बाकावर बोटांनी सारखा ठेका धरी. वडील सल्ला विचारावयास आले. मी मास्तरकीच्या तोऱ्यात सांगितले, "डग्गा-तबला वर्षभर दृष्टीआड करा, विद्या पळून जात नाही." त्यांनी तसे केले. मुलगा उत्तीर्ण झाला. जेवढे गुण मिळतील असे मला वाटत होते तेवढेच मिळाले, त्याहून एकही अधिक नाही. पुढे बारावी आली, मग पदवी, मग नोकरी. काही वर्षांपूर्वी तो नांदुऱ्याच्या स्टेशनावर गाडीची वाट पाहत असता भेटला. वाकून नमस्कार केला. मी सहज विचारले, "अजून वाजवतोस का रे?" तो हसून म्हणाला, "नाही सर, हात राहिला नाही." त्याच्या बोलण्यात तक्रार मुळीच नव्हती, आणि म्हणूनच ते शब्द मला फार दिवस बोचत राहिले.

तेव्हा या प्रश्नाचा विचार मी तटस्थपणे करतो असे वाचकांनी समजू नये.

सुशिक्षित घरांतून गाण्याविषयी एक जुना संशय आहे. कीर्तन चालेल, आरती चालेल, मुलीने भोंडल्याची गाणी म्हणावीत. परंतु गाण्यामागे लागणे म्हणजे वाया जाणे. हा संशय धुऊन काढण्यास ज्यांनी आयुष्य वेचले ते विष्णु दिगंबर पलुसकर. १८७२ साली कुरुंदवाडास एका कीर्तनकाराच्या घरी त्यांचा जन्म झाला. लहानपणी फटाक्याने डोळ्यांस इजा झाली, शाळा सुटली, आणि पुस्तक वाचणे कठीण म्हणून मुलास मिरजेस बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांकडे गाणे शिकावयास पाठविले. म्हणजे शिक्षणाची वाट बंद झाली तेव्हा गाण्याची वाट उघडली! परंतु याच मुलाने पुढे गाण्यालाच शाळेचे रूप दिले. ५ मे १९०१ रोजी लाहोरास गांधर्व महाविद्यालय निघाले. तेथे वर्ग होते, क्रम होता, परीक्षा होती, आणि विद्यार्थ्याच्या वर्तनावर गुरुजींची करडी नजर होती. १९०८ साली मुंबईस शाखा निघाली. तेथील इमारत पुढे कर्जापायी गेली; परंतु ओंकारनाथ ठाकूर, विनायकराव पटवर्धन, नारायणराव व्यास, बा. र. देवधर असे शिष्य राहिले. आमच्या नातीसारख्या मुली आज प्रारंभिक, प्रवेशिका अशा ज्या परीक्षा देतात त्या याच परंपरेतल्या मंडळाच्या आहेत. दुसरीकडे भातखंडे, ते तर वकिलीचे शिक्षण घेतलेले गृहस्थ. घराण्याघराण्यांत दडलेल्या चिजा त्यांनी मिळवून क्रमिक पुस्तकांतून छापल्या व विद्यार्थ्यांपुढे मोकळ्या केल्या. या दोघांचे एकमेकांशी फारसे जुळले नाही, तो इतिहास येथे नको.

"गाण्याने पोट भरत नाही," हा पुतण्याचा दुसरा मुद्दा. मी त्यास शार्ङ्गदेवाचे उदाहरण दिले. तेराव्या शतकात आपल्याच देवगिरीस, यादव राजा सिंघणाच्या पदरी, हा गृहस्थ हिशेबखात्याचा मोठा अधिकारी होता; घराणे मूळचे काश्मीरचे. दिवसा राज्याचे जमाखर्च पाहणाऱ्या या मनुष्याने 'संगीतरत्नाकर' हा सात अध्यायांचा ग्रंथ लिहिला, आणि उत्तरेचे व दक्षिणेचे दोन्ही संगीतकार आज त्यास मान देतात. गाणे हे पोटासाठी नसले म्हणून ते निरुपयोगी ठरते काय? भर्तृहरीने साहित्य-संगीत न जाणणाऱ्यास शेपूट-शिंगांवाचूनचा पशू म्हटले, तेव्हा त्याच्या मनात नोकरीचा विचार खचित नसावा.

आता अभ्यासाशी गाण्याचा संबंध काय, ते मी शिक्षकाच्या अनुभवाने सांगतो. आमच्या पाठशाळेत वेदपठण ऐकत आम्ही वाढलो. उदात्त, अनुदात्त, स्वरित हे स्वर चुकले की गुरुजी तेथल्या तेथे थांबवीत. पदपाठ, क्रमपाठ, घनपाठ यांची सगळी युक्ती हीच, की शब्द स्वरात व आवर्तनात बांधला म्हणजे तो सुटत नाही. पावकी, निमकी, दिडकी मुलांनी एका सुरात म्हणावयाची, त्यातही तेच तत्त्व होते. ते पाढे गेले आणि सुरही गेला. मला आठवते, दीडपटीची उदाहरणे काही केल्या न समजणाऱ्या एका मुलास मी त्रितालाच्या सोळा मात्रा हातावर मोजावयास लावल्या, मग त्याच वेळात दुप्पट बोल, मग दीडपट. दोन मात्रांत तीन बोल बसवताना तो तीनदा अडखळला. चौथ्यांदा त्याचा चेहरा उजळला. तिहाईचे गणितही असेच. पाच मात्रांचा तुकडा तीन वेळा, मध्ये एकेक मात्रेची विश्रांती. पंधरा अधिक दोन, सतरा. म्हणजे समेवरून उचलला तर शेवटचा आघात बरोबर पुढल्या समेवर येतो. हे कागदावर सोडविणारी मुले पुष्कळ; ते हातात असणे निराळे.

परंतु येथे एक सावधगिरी हवी. गाणे ऐकल्याने बुद्धी वाढते असा एक समज मधल्या काळात फार पसरला. १९९३ साली अमेरिकेत ३६ महाविद्यालयीन विद्यार्थ्यांस मोझार्ट या युरोपीय संगीतकाराची एक रचना दहा मिनिटे ऐकवून आकृतींची कोडी घातली; ती त्यांनी थोडी बरी सोडविली. तो परिणाम पाव तासात ओसरला, हे मूळ संशोधकांनीच लिहिले होते. तरी त्यावरून १९९८ साली जॉर्जिया संस्थानाच्या गव्हर्नरने नवजात बालकांस सरकारी खर्चाने संगीताच्या ध्वनिफिती वाटण्याची योजना काढली! पुढे इतरांनी तोच प्रयोग केला तेव्हा तसा परिणाम सर्वांस आढळला नाही. तात्पर्य, गुण वाढावेत म्हणून मुलांस गाण्यास घालू नये. आपल्याकडेही शास्त्रीय गायन-वादनाच्या परीक्षा दिलेल्यांस दहावीत वाढीव गुण मिळू लागल्यापासून पालकांचा ओढा वाढला आहे. त्यांपैकी किती मुले निकालानंतर तंबोरा हाती धरतात, हा प्रश्न मी कित्येकांस विचारला व अप्रिय झालो.

मुलांची अभिरुची हुकुमाने घडविता येते, हाही भ्रमच. १९५२ साली पुण्याचेच बाळकृष्ण केसकर नभोवाणीमंत्री झाले, आणि चित्रपटगीते तरुणांस बिघडवितात म्हणून आकाशवाणीवरून ती हद्दपार झाली. झाले काय, की सारा देश रेडिओ सिलोनचा काटा शोधू लागला. अखेर १९५७ साली विविध भारती काढावी लागली. शास्त्रीय संगीतावर केसकरांचे खरे प्रेम होते, यात शंका नाही. पण कुलूप लावून प्रेम शिकविता येत नाही. आज तर प्रत्येक मुलाच्या खिशात साऱ्या जगाचे गाणे आहे. कोणी कशास बंदी घालील? मला त्या गाण्याची भीती वाटत नाही. मुले दिवसभर ऐकतात आणि स्वतः एक ओळही म्हणत नाहीत, याचे मात्र वाईट वाटते. गणपतीत डीजेच्या भिंतीपुढे उभे राहिले की छाती हादरते, पण तोंड उघडून काही म्हणावे असे कोणास वाटत नाही.

याउलट आमच्या या मुलखात पाहा. शेगाव येथून दोन स्टेशनांवर. तेथून आषाढीस पालखी पायी पंढरपुरास निघते. वर्गात दहा मिनिटे स्वस्थ न बसणारा पोर टाळ घेऊन पावलीत तासन्‌तास उभा राहतो. शेजाऱ्याच्या टाळाशी आपला टाळ जुळला नाही तर त्यास कोणी छडी दाखवीत नाही, तो स्वतःच ओशाळतो. तुकडोजी महाराजांनी हेच ओळखले होते. शालेय शिक्षण बेताचे, हाती खंजिरी; पण विदर्भाच्या खेड्याखेड्यांतील तरुण त्यांनी भजनाला व सामुदायिक प्रार्थनेला बसविले, आणि स्वच्छता, व्यसनमुक्ती, गावाची कामे हे सारे त्या खंजिरीच्या मागून सांगितले. व्याख्यान देऊन हे साधते तर आम्ही शिक्षकांनी केव्हाच साधले असते.

असो. घरातील वादाकडे वळतो. मुलगी स्वतः काही बोलत नव्हती. खाली मान घालून बसली होती. शेवटी वहिनी देवघरातून बाहेर आल्या. त्या पुतण्यास म्हणाल्या, "तुझ्या दहावीच्या वर्षी तू रोज संध्याकाळी क्रिकेट खेळायला जात होतास. मी तुझी बॅट कधी माळ्यावर टाकली होती का?" यावर पुतण्यास उत्तर सुचले नाही. मलाही हे आधी सुचले नव्हते; मी आपला शार्ङ्गदेवापर्यंत जाऊन आलो.

तडजोड अशी ठरली की पहाटे अर्धा तास रियाज, आठवड्यातून एकदा शिकवणी, कार्यक्रम-स्पर्धा यंदा नाहीत, आणि सहामाहीच्या निकालावर पुन्हा विचार. मोबाईल मात्र रात्री नऊनंतर वहिनींच्या उशाशी. ही शेवटची अट मुलीस तंबोऱ्याहून जड गेली, हेही प्रामाणिकपणे नमूद करतो.

सहामाहीचा निकाल गेल्या आठवड्यात लागला. बीजगणितात चार गुण कमी, संस्कृतात सहा अधिक. पुतण्याने गुणपत्रिका माझ्यापुढे ठेवली व काही न बोलता कचेरीत निघून गेला. तंबोऱ्याला अद्याप गवसणी चढलेली नाही.